रोगाची सीमा

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमच्या वर्गांतील एका मुलाच्या पायास चेंडू खेळतांना कुंपणाच्या तारेनें लहानसें खरचटलें. जखम इतकी क्षुल्लक होती कीं, त्यानें ती कोणासही दाखविली नाहीं. दुसऱ्या दिवशीं घोटा सुजला. शनिवार असल्यामुळें मुलगा घरीं गेला. आजीनें पाय पाहिला, कढत पोटीस बांधलें आणि म्हटलें, "गळूं येतंय. पिकूं दे. पिकलं म्हणजे आपोआप फुटेल." आजीच्या अनुभवास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं, तिनें आयुष्यांत अनेक गळवें अशींच पिकवून बरीं केलीं होतीं. परंतु ही सूज पिकली नाहीं, ती पसरली. सोमवारीं सकाळीं लाली पोटरीवर चढली होती, जांघेंत अवधाण आलें होतें, आणि मुलगा हुडहुडी भरून तापानें फणफणत होता. वडिलांनीं त्यास तसेंच रुग्णालयांत नेलें. तेथें आठ दिवस राहून तो पूर्ण बरा झाला, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें.

मुलगा शाळेंत परत आला तेव्हां त्याचे वडील डॉक्टरांचा कागद घेऊन आम्हांकडे आले. ते म्हणाले, "मास्तर, या कागदावर रोगाचं नांव 'सेल्युलायटिस' असं लिहिलं आहे. त्याचा अर्थ मला समजावून सांगा. आमच्या आईला मी काय सांगूं? ती रोज विचारते, माझं काय चुकलं?"

त्या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं जेवढें देतां आलें तेवढें दिलें. परंतु एवढ्यानें आमचें समाधान झालें नाहीं. पुढें या विषयावरील पुस्तकें चाळलीं, आणि असें दिसून आलें कीं, शरीरांत पसरत जाणाऱ्या रोगांचीं नांवें एकत्र मांडून पाहिलीं तर त्यांतच आजीबाईंच्या प्रश्नाचें उत्तर आहे. तेंच येथें सर्व विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं सविस्तर देत आहों.

प्रथम एक साधा प्रयोग करून पाहावा. एक टीपकागद व एक तेल लावलेला कागद घ्यावा आणि दोहोंवर शाईचा एकेक थेंब टाकावा. तेलकट कागदावर थेंब गोल राहतो. त्याची कड रेखीव असते. टीपकागदावर तोच थेंब हां हां म्हणतां चोहोंकडे पसरतो, आणि शाई कोठें संपली व कोरा कागद कोठें सुरू झाला हें सांगतां येत नाहीं. शरीरांतील रोगांचेही असेच दोन प्रकार आहेत. कांहीं रोग एका जागीं गोळा होतात. त्यांस कांठ असतो. कांहीं रोग ऊतकांतून, म्हणजे एकाच कामास लागलेल्या पेशींच्या विणींतून, झिरपत जातात. त्यांस कांठ नसतो. पहिल्यांस मर्यादित आणि दुसऱ्यांस विसरित म्हणतात. या 'विसरित' शब्दाचा विसरण्याशीं कांहीं संबंध नाहीं. 'वि' म्हणजे चोहोंकडे आणि 'सृ' म्हणजे सरणें.

पाश्चात्त्य वैद्यकांत या दुसऱ्या प्रकारासाठीं तीन शब्द वारंवार येतात, आणि तिन्ही लॅटिन भाषेच्या घरांतून आलेले आहेत. 'डिफ्यूज' म्हणजे मुळांत ओतून पसरविलेला. 'इन्फिल्ट्रेशन' म्हणजे गाळणींतून पाणी झिरपावें तसें आंत शिरणें. 'डिसेमिनेटेड' या शब्दाच्या पोटांत बीं दडलेलें आहे. शेतकरी मूठ भरून बीं फोकतो तसें विखुरलेलें, असा त्याचा अर्थ. शब्द तीन आणि चित्रें तीन: सांडलेलें पाणी, झिरपलेलें पाणी आणि फोकलेलें बीं. डॉक्टरांच्या कागदावर यांपैकीं एखादा शब्द दिसला म्हणजे हें चित्र डोळ्यांपुढें आणावें. निम्मा अर्थ तेथेंच उमगतो.

आपल्या पूर्वजांचेंही लक्ष या भेदाकडे गेलें होतें. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत विसर्प नांवाच्या रोगावर एक संपूर्ण अध्याय आहे. हा रोग नाना प्रकारें सरपटतो म्हणून तो विसर्प, आणि सर्व बाजूंनीं सरपटतो म्हणून परिसर्प, अशी त्याच्या नांवाची फोड ग्रंथकारानें स्वतःच करून दिली आहे. त्याचे प्रकार सांगतांना एकास आगीचें व एकास चिखलाचें नांव दिलें आहे. कातडीची आग आणि मांसाचा चिखल ज्यानें पाहिला आहे त्यास हीं नांवें किती यथार्थ आहेत हें कळेल. मराठींत याच जातीच्या रोगास 'धांवरें' म्हणतात. संस्कृत पंडितास तो सरपटतांना दिसला. आमच्या खेड्यांतील माणसास तो धांवतांना दिसला. ग्रीक लोकांनीं मात्र त्याच्या चालीकडे न पाहतां रंगाकडे पाहिलें आणि त्यास 'एरिसिपेलस' म्हटलें. त्याचा अर्थ बहुधा 'तांबडी कातडी' असा होतो.

आतां त्या वडिलांनीं विचारलेल्या शब्दाकडे वळूं. 'सेल्युलायटिस' या शब्दाच्या शेवटीं असलेला 'आयटिस' हा प्रत्यय दाह दाखवितो. आरंभींचा भाग 'सेला' म्हणजे कोठडी या लॅटिन शब्दापासून झाला आहे. हल्लींच्या शाळेंतील मुलगा म्हणेल कीं, सेल म्हणजे पेशी. तेव्हां हा पेशींचा दाह असावा. परंतु तसें नव्हे. पूर्वींचे शरीरशास्त्रज्ञ कातडीखालच्या सैल, जाळीदार ऊतकास 'कोठड्यांचें ऊतक' म्हणत, कारण त्यांत बारीक बारीक पोकळ्यांची रांग दिसे. तें नांव पुढें मागें पडलें, परंतु रोगाच्या नांवांत तें तसेंच राहून गेलें. म्हणजे सेल्युलायटिस हा कातडीखालच्या त्या सैल जाळीचा दाह होय. टीपकागदाची उपमा येथें अगदीं चपखल बसते. ही जाळी घोट्यापासून मांडीपर्यंत अखंड आहे; तिच्यांत भिंती नाहींत. एका टोकास शिरलेल्या जंतूस वाट मोकळीच असते.

मग प्रत्येक खरचटण्याचें असें कां होत नाहीं? बहुतेक वेळां तेथेंच एक फोड येते, पिकते व फुटून जाते, तें कसें? याचें उत्तर शोधण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. 1874 सालीं व्हिएन्ना येथील शस्त्रवैद्य थिओडोर बिलरोट यानें सूक्ष्मदर्शकाखालीं मण्यांच्या माळेसारखे जंतु पाहून त्यांस स्ट्रेप्टोकॉकस हें नांव दिलें. 1882 सालीं स्कॉटलंडांतील शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑगस्टन यानें द्राक्षांच्या घोसासारखे दिसणारे जंतु निराळे ओळखून त्यांस स्टॅफिलोकॉकस म्हटलें. ग्रीक भाषेंत 'स्टॅफिले' म्हणजे द्राक्षांचा घोस. 1883 सालीं फ्रिडरिख फेलायझेन या जर्मन वैद्यानें धांवऱ्याच्या रोग्यांपासून माळेचे जंतु वाढवून दाखविले. घोसाचे जंतु बहुधा गळूं करितात; माळेचे जंतु बहुधा पसरतात. हा नियम ढोबळ आहे, त्यास अपवाद पुष्कळ आहेत; परंतु त्यामागचें कारण मनोरंजक आहे.

घोसाच्या जंतूंपाशीं रक्तरस गोठविणारा एक पदार्थ असतो. त्यामुळें त्यांच्याभोंवतीं गोठलेल्या तंतूंचें कुंपण तयार होतें. शरीरांतील पांढऱ्या पेशी त्या कुंपणाशीं गर्दी करितात, लढतात व मरतात. त्या मेलेल्या पेशींचा व जंतूंचा चिखल म्हणजेच पू. पू ही किळसवाणी वस्तु खरी, परंतु ती एका बंदिस्त रणांगणाची खूण आहे. माळेच्या जंतूंची रीत उलट. त्यांच्यापाशीं असे पदार्थ असतात कीं, ज्यांनीं गोठलेले तंतु विरघळतात. त्यांपैकीं स्ट्रेप्टोकायनेज नांवाचा पदार्थ इतका प्रभावी आहे कीं, हृदयाच्या रक्तवाहिनींत अडकलेली गुठळी विरघळविण्यासाठीं डॉक्टरांनीं त्याचा औषध म्हणून उपयोग केला. शत्रूचें हत्यार असें मित्राच्या कामास आलें. दुसरा पदार्थ त्याहूनही धूर्त आहे. पेशींच्या मधल्या जागेंत एक बुळबुळीत चिकट द्रव्य भरलेलें असतें. तेंच शरीराचें लिंपण. 1928 सालीं फ्रान्सिस्को दुरान-रेनाल्स या शास्त्रज्ञानें असा एक पदार्थ दाखवून दिला कीं, तो बरोबर असतां रोगबीज कातडींत पुष्कळ दूरवर पसरतें. त्यास 'पसरविणारा घटक' असेंच नांव पडलें. पुढें कळलें कीं, हा घटक म्हणजे तें लिंपण पातळ करणारें एक पाचकद्रव्य होय, आणि माळेचे जंतु तें स्वतः तयार करितात. भिंतींचें लिंपण विरघळलें कीं चोरास दाराची गरज उरत नाहीं.

यावरून या लेखांतील मुख्य गोष्ट ध्यानांत येईल. रोगास जो कांठ असतो तो रोगाचा नसतो. तो बहुधा आपल्या शरीरानें आंखलेला असतो. जेथें शरीर कुंपण घालूं शकतें तेथें रोग एका जागीं अडकतो. जेथें कुंपण घालतां येत नाहीं, किंवा घातलेलें मोडतें, तेथें रोग विसरित होतो. हीच गोष्ट अगदीं निराळ्या रोगांत पुन्हां पुन्हां आढळते. तीन उदाहरणें पाहूं.

पहिलें क्षयाचें. क्षयाचे जंतु फुप्फुसांत शिरले म्हणजे शरीर त्यांच्याभोंवतीं पेशींची लहानशी तटबंदी उभारतें. अशा गांठींस 'ट्युबर्कल' म्हणतात. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ लहान उंचवटा. क्षयाचें इंग्रजी नांव यावरूनच पडलें. रॉबर्ट कॉख यानें क्षयाचा जंतु सांपडल्याचें 24 मार्च 1882 रोजीं बर्लिन येथें जाहीर केलें. असंख्य माणसांच्या अंगांत हे जंतु जन्मभर तटबंदींत कोंडलेले राहतात आणि त्यांस रोग होत नाहीं. परंतु तट फुटून जंतु रक्तांत मिसळले तर ते फुप्फुस, यकृत, प्लीहा, मेंदूचीं आवरणें अशा सर्व ठिकाणीं एकदम जाऊन बसतात, आणि जेथें तेथें बारीक कणांएवढ्या गांठी उठतात. 1700 सालीं जॉन जेकब मँगेट यानें शवविच्छेदनांत असे कण पाहिले, तेव्हां त्यास एका बारीक धान्याची आठवण झाली. लॅटिनमध्यें त्या धान्यास 'मिलियम' म्हणतात. आपल्याकडील वरी-राळ्याच्या जातीचेंच तें धान्य. म्हणून या प्रकारास 'मिलियरी' क्षय हें नांव मिळालें. आजही क्ष-किरणांच्या चित्रांत फुप्फुसावर वरी सांडल्यासारखे ठिपके दिसले म्हणजे डॉक्टर तोच शब्द लिहितात. लहान बालकांस क्षयाच्या या पसरणाऱ्या प्रकारापासून व मेंदूच्या आवरणांच्या क्षयापासून वांचविणें हाच बीसीजी लशीचा मुख्य उपयोग होय. आपल्या दंडावरील तो लहानसा व्रण म्हणजे कुंपण घालण्याच्या पहिल्या धड्याची खूण आहे.

दुसरें उदाहरण कुष्ठरोगाचें. पूर्वीं मराठींत यास जें भयंकर नांव होतें तें आतां सुज्ञ लोक वापरीत नाहींत, आणि तेंच योग्य आहे. कारण त्या नांवानें रोगापेक्षां रोग्याचेंच अधिक नुकसान केलें. याचा जंतु नॉर्वेमधील बर्गन येथें गेरहार्ड आर्मावर हान्सेन यानें 1873 सालीं शोधिला. ज्यांची प्रतिकारशक्ति चांगली असते त्यांच्या अंगावर एखाददुसराच चट्टा उठतो. त्याची कड स्पष्ट असते व तेथें स्पर्श कळत नाहीं. ज्यांची या जंतूविरुद्धची शक्ति कमी पडते त्यांच्या कातडींत रोग सर्वत्र सारखाच झिरपतो. चट्टा दिसत नाहीं. उलट चेहरा तुकतुकीत दिसतो, कानांच्या पाळ्या जाड होतात, भुंवया विरळ होतात. म्हणजे रोग थोडा असतां तो डोळ्यांस चटकन दिसतो, आणि पुष्कळ असतां कांठ नसल्यामुळें दिसतच नाहीं! 1966 सालीं रिडले व जॉपलिंग या दोघां वैद्यांनीं या दोन टोकांमधील पायऱ्या लावून दिल्या. जागतिक आरोग्य संघटनेनें 1981 सालीं अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति सुचविली, आणि त्या औषधांनीं हा रोग पूर्ण बरा होतो. आपल्या देशांत हीं औषधें सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात.

तिसरें उदाहरण कर्करोगाचें. कर्क म्हणजे खेंकडा. ग्रीक वैद्य या रोगास 'कार्किनोस' म्हणत. लॅटिनमध्यें त्याचें 'कॅन्सर' झालें. दोहोंचा अर्थ खेंकडाच. मधला गोळा आणि त्याभोंवतीं फुगलेल्या शिरा पाहून खेंकड्याचे पाय आठवतात, असें ख्रिस्ती शकाच्या दुसऱ्या शतकांतील वैद्य गॅलेन यानें म्हटलें आहे. आपल्याकडे सुश्रुतानें अशा गांठींस 'अर्बुद' म्हटलें आणि एका अर्बुदावर दुसरें उठतें त्यास 'अध्यर्बुद' असें निराळें नांव दिलें. साध्या गांठीभोंवतीं पुष्कळदां एक पातळ पिशवी असते. शस्त्रवैद्य ती सालीसकट काढूं शकतो. कर्करोगास अशी साल नसते. तो शेजारच्या ऊतकांत पाय रोवतो. पुढें त्याच्या पेशी रक्तावाटे दूर जाऊन दुसरीकडे घर करितात. त्यास 'मेटास्टॅसिस', म्हणजे स्थानांतर, म्हणतात. या अर्थानें तो शब्द जोसेफ रेकामिए या फ्रेंच वैद्यानें 1829 सालीं रूढ केला. जठराच्या कर्करोगाचा एक प्रकार तर असा आहे कीं, त्यांत गांठ मुळींच नसते. पेशी एकेक सुटून जठराच्या भिंतींत सर्वत्र पसरतात, आणि तें मऊ जठर चामड्याच्या बुधल्यासारखें ताठ होतें. विल्यम ब्रिंटन या इंग्रज वैद्यानें त्यास जवसाच्या तागाच्या ग्रीक नांवावरून 'लिनायटिस' म्हटलें. 'गांठ नाहीं, म्हणजे कांहीं नाहीं' असें म्हणून निर्धास्त होणें किती धोक्याचें आहे, हें या एका नांवावरून कळावें.

येथवर नांवांनीं आपणांस शहाणपण शिकविलें. परंतु नांव कधीं कधीं फसवितेंही. 'नागीण' या रोगाचें तसेंच आहे. कमरेभोंवतीं किंवा छातीवर पाण्याच्या फोडांचा पट्टा उठतो, भयंकर आग होते, आणि घरांतील माणसें घाबरून म्हणतात, "नागिणीचं तोंड व शेपूट जुळलं तर माणूस वांचत नाहीं." वैद्यकांत यास 'हर्पिस झोस्टर' म्हणतात. यांतील 'हर्पिस' शब्द सरपटणें या अर्थाच्या ग्रीक धातूपासून झाला. संस्कृतांत आरंभीं जेथें 'स' असतो तेथें ग्रीकांत पुष्कळदां 'ह' येतो; आपलें 'सप्त' तेथें 'हेप्ता' होतें. त्याच नियमानें संस्कृत 'सर्प्' आणि ग्रीक 'हर्प्' हे एकाच मुळाचे दोन फांटे आहेत. म्हणजे विसर्प, सर्प आणि हर्पिस हीं सख्खीं भावंडें होत! 'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा. अथेन्समधील माणसास व आमच्या खेड्यांतील माणसास एकच चित्र दिसावें, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

परंतु चित्र सारखें असलें तरी भीति खरी नाहीं. नागीण सरपटत कमरेस विळखा घालीत नाहीं. लहानपणीं येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणु पाठीच्या कण्याजवळील मज्जातंतूच्या गांठींत वर्षानुवर्षें निजून राहतो. म्हातारपणीं किंवा अशक्तपणांत तो जागा होतो आणि त्या एकाच मज्जातंतूच्या वाटेनें कातडीपर्यंत येतो. तो मज्जातंतु अंगाच्या एकाच बाजूस असतो. त्यामुळें फोडांचा पट्टा बहुधा मध्यरेषेवर येऊन थांबतो. तोंड व शेपूट जुळण्याचा प्रसंग सहसा येतच नाहीं. म्हणजे जिला आपण सर्वांत सरपटणारी समजतों ती नागीण बहुतेक वेळां आपल्या सीमेंत राहणारी आहे! तथापि तिची हयगय करूं नये. पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू केल्यास त्याचा गुण अधिक येतो. फोड कपाळावर किंवा डोळ्याजवळ असतील तर दृष्टीस धोका असतो. आणि ज्यांची प्रतिकारशक्ति फार खालावली आहे अशांच्या अंगावर ती क्वचित् खरोखरच सर्वत्र पसरते. भीति बाळगावयाची ती विळख्याची नव्हे, विलंबाची.

विलंबाचें मोल काय असतें हें पूर्वींच्या पिढ्यांस आपल्यापेक्षां अधिक ठाऊक होतें, कारण त्यांच्यापाशीं औषध नव्हतें. 1935 सालीं जर्मनींत गेरहार्ड डोमाक या शास्त्रज्ञाच्या लहानग्या मुलीच्या, हिल्डेगार्डच्या, हातांत सुई घुसली. सूज दंडाकडे धांवूं लागली. हात कापावा लागेल असें डॉक्टरांस वाटलें. डोमाक त्या वेळीं एका तांबड्या रंगद्रव्याचे प्रयोग करीत होता. तें माळेच्या जंतूंपासून उंदरांस वांचवितें हें त्यानें पाहिलें होतें. त्यानें तें औषध आपल्या मुलीस दिलें. मुलगी वांचली, आणि तिचा हातही वांचला. त्या औषधाचें नांव प्रॉन्टोसिल. 1939 सालचें नोबेल पारितोषिक डोमाक यास या शोधाबद्दल देण्यांत आलें.

दुसरी हकीकत इंग्लंडांतील ऑक्सफर्डची. अल्बर्ट अलेक्झांडर नांवाच्या पोलीस शिपायाच्या चेहऱ्यांत व डोक्याच्या कातडींत घोसाचे व माळेचे असे दोन्ही जंतु पसरले होते. एक डोळाही गेला होता. 12 फेब्रुवारी 1941 रोजीं त्यास पेनिसिलिन हें नवें औषध टोंचण्यास आरंभ झाला. थोड्याच दिवसांत ताप उतरला, तो जेवूं लागला. परंतु जगांतील सारें पेनिसिलिन त्या वेळीं मूठभर होतें. त्याच्या लघवींतून बाहेर पडणारें औषध गाळून पुन्हां त्यासच देण्यांत आलें, तेंही संपलें. रोग उलटला, आणि 15 मार्च रोजीं त्याचा अंत झाला. त्या शिपायापाशीं औषध उरलें नाहीं म्हणून तें थांबलें; आपण मात्र ताप उतरला कीं उरलेल्या गोळ्या फडताळांत ठेवून देतों! डॉक्टरांनीं जितके दिवस सांगितले असतील तितके दिवस औषध घेणें, आणि त्यांच्या सांगण्यावांचून तें न घेणें, हे दोन्ही नियम सारखेच पाळावयाचे आहेत.

आतां आजीबाईंच्या प्रश्नाकडे येऊं. त्यांचें काय चुकलें? पोटीस बांधलें हें चुकलें नाहीं. सुश्रुतानें सुजेच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत: कच्ची, पिकूं लागलेली व पिकलेली. जो कच्ची सूज अज्ञानानें कापतो आणि जो पिकलेली तशीच राहूं देतो, त्या दोघांही वैद्यांस त्यानें सारखाच दोष दिला आहे. म्हणजे वाट पाहणें हेंही शास्त्रच आहे. परंतु वाट पाहावयाची ती कांठ असलेल्या सुजेची. जिला कांठच नाहीं ती सूज पिकण्याची वाट पाहणें म्हणजे टीपकागदावरील शाई गोळा होण्याची वाट पाहण्यासारखें आहे. आजीबाईंस गळूं ठाऊक होतें. धांवरें ठाऊक नव्हतें. चूक असलीच तर ती एवढीच, आणि ती तुमच्याआमच्या कोणाच्याही हातून झाली असती.

रुग्णालयांत डॉक्टरांनीं त्या मुलाच्या पायावर प्रथम काय केलें तें त्याच्या वडिलांनीं आम्हांस सांगितलें. त्यांनीं लेखणी घेतली, लालीच्या कडेकडेनें पायावर एक रेघ ओढली आणि शेजारीं तारीख व वेळ लिहिली. ही रीत पुष्कळ ठिकाणीं आहे. शरीरास जी सीमा आंखतां आली नाहीं ती शाईनें आंखावयाची आणि रोग ती ओलांडतो कीं काय यावर पहारा ठेवावयाचा. ही रेघ घरींही ओढतां येईल. दवाखान्यांत जाण्याची तयारी चालली असतां ओढलेली रेघ डॉक्टरांस मोठी उपयोगी पडते. परंतु रेघ हें औषध नव्हे, आणि रेघ ओढून घरीं बसून राहणें तर मुळींच योग्य नव्हे.

विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. खरचटलें तर लाजूं नये. लगेच साबणानें व स्वच्छ पाण्यानें धुवावें आणि घरीं किंवा शिक्षकांस दाखवावें. सूज लाल, कढत व पसरणारी असेल, तिची कड सांपडत नसेल, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. हुडहुडी, ताप, वरवर चढणारी तांबडी रेघ, जखमेच्या मानानें फार मोठी वेदना, किंवा कातडी काळी-निळी पडणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास रात्र असली तरी सकाळची वाट पाहूं नये. ज्यांस मधुमेह आहे अशा वडीलधाऱ्यांच्या पायांकडे मुलांनीं आपण होऊन लक्ष द्यावें. त्यांस जखम झालेली पुष्कळदां कळतही नाहीं.

हा मजकूर आम्हीं त्या वडिलांस वाचून दाखविला. ते कांहीं वेळ स्तब्ध राहिले आणि म्हणाले, "मास्तर, आईला एवढंच सांगतों, कीं तुझं पोटीस बरोबर होतं, फक्त सूज दुसरी होती." याहून नेमका सारांश आम्हांस करतां आला नसता. आजीबाईंच्या मनावरील ओझें एवढ्यानें उतरलें तर हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें. आणि वाचकांपैकीं एखाद्याच्या घरीं पुढें कधीं लेखणीची रेघ वेळेवर ओढली जाऊन रोग्यास वेळेवर दवाखाना दिसला, तर अधिक कांहीं मागण्यासारखें उरणार नाहीं.